सकाळी रुसणारी डिस्क : कोअरबूट बसवलेल्या लॅपटॉपवरील अस्थिर साटा जोडणीचा तपास

इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा लॅपटॉप माझ्याकडे दुरुस्तीसाठी आला, तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्याची होती : "अहो, सकाळी अर्धा तास हा रुसतो, मग दिवसभर गुणी बाळासारखा चालतो." या वाक्यात निदानाचा सर्वांत मोठा धागा दडलेला होता. तो मला तेव्हा ओळखता आला नाही, आणि म्हणून दोन दिवसांत संपावयाच्या तपासाला नऊ दिवस लागले. खुल्या बूट फर्मवेअरवर, म्हणजे यंत्र जागे करणाऱ्या आणि ज्याचा स्रोत-संकेत कोणालाही वाचता येतो अशा प्रोग्रामवर, चालणाऱ्या यंत्रात डिस्कची साटा जोडणी, म्हणजे डिस्क आणि यंत्र यांच्यातली डेटाची वाट, मध्येच तुटू लागली, तर दोष फर्मवेअरचा, वायरिंगचा की डिस्कचा हे कसे ठरवावे, यासाठी हा तपास पायरीपायरीने लिहून ठेवत आहे.

यंत्र आणि तक्रार

लॅपटॉप २०१२ साली बाजारात आलेल्या व्यावसायिक श्रेणीतला आहे. तिसऱ्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर, इंटेलचा क्यूएम७७ चिपसेट, मुख्य कप्प्यात एक एसएसडी आणि उजव्या बाजूला सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा सरकता कप्पा, अशी त्याची रचना. मूळ फर्मवेअर केवळ ठरावीक यादीतलीच वाय-फाय कार्डे स्वीकारत असे, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मीच त्यावर कोअरबूट हे खुले फर्मवेअर बसवले होते. सर लिनक्स वापरतात आणि मोडी कागदपत्रांच्या स्कॅन प्रतींचा मोठा संग्रह जवळ बाळगतात. पहिले सात महिने कोणतीही तक्रार नव्हती.

कोअरबूट हा प्रकल्प अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी १९९९ साली लिनक्सबायोस या नावाने सुरू केला आणि २००८ साली त्याला आजचे नाव मिळाले. या प्रकरणाच्या दृष्टीने त्याचा एकच विशेष महत्त्वाचा आहे : कोअरबूट हार्डवेअर जागे करण्यापुरतेच काम करते आणि पुढचा कारभार 'पेलोड' म्हटल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवते. या यंत्रात तो पेलोड सीबायोस हा होता. म्हणजे लॅपटॉप सुरू होताना डिस्कशी एकामागून एक असे तीन प्रोग्राम व्यवहार करतात. कोअरबूट साटा कंट्रोलरची, म्हणजे डिस्कच्या जोडण्या सांभाळणाऱ्या भागाची, मांडणी करते, सीबायोस डिस्क शोधून बूट करण्यापुरते वाचन करते आणि शेवटी लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, कंट्रोलर रीसेट करून डिस्कशी नव्याने जोडणी जुळवते. बिघाड यांपैकी कोणाच्या हाती असताना दिसतो, हे पाहिल्याशिवाय अशा तपासात पाऊल टाकू नये.

चार आठवड्यांपूर्वी सरांनी एका दुकानातून सीडी ड्राइव्ह काढून घेऊन त्या जागी कॅडी बसवून घेतली होती. सीडी ड्राइव्हच्या आकाराच्या चौकटीत अडीच इंची डिस्क बसवण्याची सोय असते, तिला दुकानदार कॅडी म्हणतात. तिच्यात ४८० जीबीची एसएसडी टाकून मोडी स्कॅनचा सगळा संग्रह तिकडे हलवला होता. त्यानंतर दोन लक्षणे सुरू झाली. यंत्र सुरू करताना कधीकधी बूट मेनू येण्याआधी पडदा सुमारे अर्धा मिनिट कोरा राहत असे. आणि लिनक्स सुरू झाल्यावर स्कॅनची फोल्डर उघडताना सगळे काही सेकंद, कधी तीस सेकंद, गोठून जात असे. दुकानदाराने सरांना सांगितले होते, "बायोस बदललंय ना सर, मग असंच होणार." हे वाक्य मला लागले, कारण बायोस बदलणारा मीच होतो. तरी ते खोटे आहे असे मानून तपास सुरू करणे हीदेखील चूक ठरली असती.

आधी माल सुरक्षित

कोणताही प्रयोग करण्यापूर्वी डिस्क कॅडीतून काढली, यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला लावली आणि डीडी-रेस्क्यू वापरून तिची संपूर्ण प्रतिमा उतरवून घेतली. ४८० जीबीपैकी एकही सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा लहान तुकडा) वाचायचा राहिला नाही आणि संपूर्ण वाचनात एकही चूक आली नाही. ही पायरी मी सुरक्षिततेसाठी केली होती, परंतु तिने तपासालाही दिशा दिली : डिस्क स्वतः धडधाकट होती.

मग स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवत असलेले आकडे, पाहिल्या. अशा प्रकरणात तीन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. पाच क्रमांकाची नोंद बदलून दिलेल्या सेक्टरांची, १९७ क्रमांकाची संशयित सेक्टरांची आणि १९९ क्रमांकाची सीआरसी चुकांची. पहिल्या दोन्ही शून्य होत्या. १९९ चा आकडा मात्र १,४१२ होता. सीआरसी चूक म्हणजे डेटा एका टोकाकडून निघाला आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यातले बिट बदलले. माध्यम खराब असेल तर पाच आणि १९७ हे आकडे वाढतात, वाट खराब असेल तर १९९ वाढतो. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे तो मोठा आहे यापेक्षा तो अजून वाढतो आहे का, हा खरा प्रश्न असतो. डिस्क पुन्हा कॅडीत घालून एकदा संपूर्ण वाचली, तेव्हा तो १,४४९ झाला. मुख्य कप्प्यात घालून तितकेच वाचन केले, तेव्हा तो १,४४९ च राहिला.

कर्नलची नोंदवही

कॅडीत डिस्क असताना कर्नलच्या नोंदवहीत जे दिसत होते ते असे. आधी 'एटीए२' या जोडणीवर अपवाद घडल्याची ओळ, तिच्याखाली 'अनरिकव्हर्ड डेटा' आणि 'हँडशेक' ही दोन चिन्हे, मग 'रीड एफपीडीएमए क्यूड' ही आज्ञा फसल्याची नोंद, त्यानंतर 'हार्ड रीसेटिंग लिंक' आणि शेवटी जोडणी पुन्हा जुळल्याची ओळ. शेवटच्या ओळीत कंसात एसस्टेटस १३३ असा आकडा होता.

या आकड्याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, म्हणून तो उलगडून सांगतो. एसस्टेटसचे तीन अंक उजवीकडून वाचायचे. शेवटचा ३ म्हणजे समोर उपकरण आहे आणि जोडणी प्रस्थापित झाली आहे. मधला अंक म्हणजे वेग : १ असेल तर १.५, २ असेल तर ३ आणि ३ असेल तर ६ गिगाबिट प्रतिसेकंद. पहिला १ म्हणजे जोडणी जागी आहे, वीज वाचवण्यासाठी झोपलेली नाही. म्हणजे १३३ हा आकडा सांगत होता की कॅडीतली डिस्क पूर्ण ६ गिगाबिटने बोलत होती.

आणखी एक सापळा नंबरांचा आहे. कर्नल जोडण्या एकपासून मोजते, तर चिपसेटच्या आणि कोअरबूटच्या लेखी पोर्ट शून्यापासून सुरू होतात. या यंत्रात कर्नलच्या नोंदीतला एटीए२ म्हणजे फर्मवेअरचा पोर्ट १. पहिल्या दिवशी मी फर्मवेअरच्या मांडणीत पोर्ट २ कडे पाहत बसलो होतो आणि तो एम-साटा, म्हणजे छोट्या कार्डाच्या आकाराच्या डिस्कच्या, खाचेचा पोर्ट निघाला. घाईत हे फार सहज होते.

फसलेल्या दोन शंका आणि एक अवांतर

'एफपीडीएमए क्यूड' हे शब्द दिसले की अनेक जण एनसीक्यू बंद करण्याचा सल्ला देतात. एनसीक्यू म्हणजे अनेक आज्ञा एकदम रांगेत लावून डिस्कला सोयीच्या क्रमाने पूर्ण करू देण्याची पद्धत. कर्नलला 'लिबएटीए.फोर्स' या पर्यायातून ती बंद करण्यास सांगितले. त्यामुळे फसणाऱ्या आज्ञेचे नाव बदलून 'रीड डीएमए एक्स्टेंडेड' झाले, पण चुका तितक्याच राहिल्या. रांगेने हे दुखणे निर्माण केलेले नव्हते.

दुसरी शंका जोडणीच्या वीजबचतीची. रिकाम्या वेळात साटा जोडणी हलक्या किंवा गाढ झोपेत जाते आणि जागे होताना काही डिस्का अडखळतात. एससीएसआय होस्टच्या धोरणाच्या फाइलीत 'मॅक्स परफॉर्मन्स' लिहून झोप पूर्ण बंद केली. रिकाम्या वेळात येणाऱ्या तुरळक चुका थांबल्या, सलग वाचताना येणाऱ्या तशाच राहिल्या. अर्धवट गुण देणारा हा उपाय सर्वांत फसवा असतो, कारण चार तास शांत गेले की माणूस प्रकरण मिटले असे समजतो. मी एक दिवस तसे समजलो होतो.

अवांतर म्हणून एक जुनी गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे, कारण जुन्या इंटेल यंत्रांवर साटा जोडणी ढासळू लागली की ती आठवतेच. जानेवारी २०११ च्या शेवटी इंटेलने आपल्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. ३ गिगाबिटच्या पोर्टांना, म्हणजे पोर्ट २ ते ५ यांना, घड्याळ पुरवणाऱ्या भागातील एका ट्रान्झिस्टरवर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज पडत होते आणि काळानुसार हे पोर्ट खराब होऊ शकत होते. बी२ ही आवृत्ती मागे घेऊन बी३ आणण्यात आली, आणि पोर्ट ० व १ यांना हा दोष लागू नव्हता. पीसीआय यादीत, म्हणजे यंत्रातल्या उपकरणांच्या यादीत, बी२ ची ओळख 'आवृत्ती ०४' आणि बी३ ची 'आवृत्ती ०५' अशी दिसते. सरांच्या लॅपटॉपवर 'आवृत्ती ०४' पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. परंतु क्यूएम७७ सातव्या मालिकेचा आहे, आणि त्या मालिकेत ०४ ही साधी, निर्दोष आवृत्ती आहे. शिवाय आपला पोर्ट १ होता. ज्यांच्याकडे २०११ च्या सुरुवातीचे सहाव्या मालिकेचे यंत्र आहे, त्यांनी मात्र ही यादी पहिल्याच दिवशी पाहावी.

सकाळचा रुसवा

आता सरांच्या वाक्याकडे येतो. सकाळी त्रास आणि नंतर शांतता, हे ऐकले की दुरुस्ती करणाऱ्याचे मन आपोआप तापमानाकडे जाते : थंड असताना एखादा टाका सैल बसतो, यंत्र तापले की धातू प्रसरण पावतो आणि संपर्क जुळतो. मी या कल्पनेमागे पूर्ण एक संध्याकाळ घालवली. कॅडीच्या कनेक्टरवर गरम हवा दिली, थंड होऊ दिली, पुन्हा गरम केली. चुकांच्या संख्येत त्याच्याशी मेळ खाणारा कोणताही फरक दिसेना.

उलगडा एका साध्या प्रयोगातून झाला. दुपारी तीन वाजता, यंत्र चांगले तापलेले आणि दोन तास शांत चालत असताना, ते केवळ रीस्टार्ट केले. सकाळचा सगळा त्रास पुन्हा सुरू झाला. म्हणजे संबंध उष्णतेशी नव्हता, सुरू होण्याशी होता. मग नोंदवही वरपासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता वाचली. दहा-बारा मिनिटांच्या चुकांनंतर एक ओळ होती : 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस'. तिच्यानंतर एसस्टेटसचा आकडा १३३ वरून १२३ झाला होता, आणि त्यानंतर संपूर्ण दिवसभरात एकही चूक नव्हती.

लिनक्सच्या साटा विभागात ही शहाणी तरतूद आहे. एखाद्या जोडणीवर थोड्या अवधीत वाटेच्या चुका वारंवार येऊ लागल्या, की कर्नल आपणहून तिचा वेग एक पायरी खाली आणते. मात्र हा निर्णय चालू सत्रापुरताच असतो. पुढच्या सुरुवातीला जोडणी पुन्हा वरच्या पायरीवरून सुरू होते आणि तोच खेळ पहिल्यापासून मांडला जातो. सर रोज सकाळी यंत्र सुरू करीत आणि रात्री बंद करीत. त्यांनी केलेले वर्णन अक्षरशः बरोबर होते, त्याचा अर्थ लावण्यात मी चुकलो होतो.

यानंतर खात्री करणे सोपे होते. बूट पर्यायात 'लिबएटीए.फोर्स' ला दुसऱ्या जोडणीपुरती ३ गिगाबिटची मर्यादा सांगितली आणि संपूर्ण डिस्क तीनदा वाचली. १९९ ची नोंद जागची हलली नाही. गोठणे थांबले. यंत्र सुरू होतानाचा अर्ध्या मिनिटाचा कोरा पडदा मात्र अधूनमधून दिसतच राहिला, आणि तसे होणे अपेक्षितच होते, कारण त्या वेळी कर्नल अजून आलेले नसते. सीबायोस कॅडीतल्या डिस्कशी ६ गिगाबिटनेच बोलत होते, एखादी आज्ञा वाटेत हरवली की तिची मुदत संपेपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा मिनिट, वाट पाहत होते.

मूळ फर्मवेअरची साक्ष

आता दुकानदाराचा दावा तपासायचा होता. कोअरबूट बसवण्यापूर्वी मी मूळ फर्मवेअरची प्रत जपून ठेवली होती. या यंत्रात फर्मवेअर दोन चिपांमध्ये विभागलेले आहे, एक ८ एमबीची आणि एक ४ एमबीची, आणि दोन्ही चिपा प्रत्येकी दोनदा वाचून त्यांचे चेकसम (आशयावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळल्यावरच ती प्रत मी ग्राह्य धरली होती. बॅटरी आणि चार्जर काढून, चिपेवर क्लिप लावून, फ्लॅशरॉम या साधनाने मूळ फर्मवेअर परत लिहिले. तीच कॅडी, तीच डिस्क, तेच लिनक्स, कोणतीही मर्यादा न सांगता.

एकही चूक आली नाही. दोन दिवसांत एकही नाही.

येथे थांबलो असतो तर निष्कर्ष सरळ होता : कोअरबूट सदोष, मूळ फर्मवेअर उत्तम. परंतु नोंदवहीत एसस्टेटस पाहिला, तर तो पहिल्या ओळीपासूनच १२३ होता. मूळ फर्मवेअरखाली ती जोडणी कधी ६ गिगाबिटवर जातच नव्हती. हा कप्पा सीडी ड्राइव्हसाठी बनवलेला, आणि सीडी ड्राइव्ह १.५ गिगाबिटच्या पलीकडे बोलत नाही. त्या कप्प्याच्या वाटेला ६ गिगाबिट झेपणार नाही असे धरून उत्पादकाने वेगावर मर्यादा घातलेली होती. ती मर्यादा फर्मवेअरच्या कोणत्याही मेनूत दिसत नाही, तिच्याविषयी माहितीपुस्तिकेत अक्षर नाही, आणि मूळ फर्मवेअर बंदिस्त असल्यामुळे ती कोठे, कशी लिहिली आहे हे वाचण्याची सोय नाही.

कोअरबूटच्या बाजूला मात्र वाचता येत होते. या लॅपटॉपच्या डिव्हाइसट्री फाइलीत, म्हणजे हार्डवेअरची मांडणी सांगणाऱ्या फाइलीत, साटाच्या दोन ओळी आहेत. पहिली कोणते पोर्ट चालू ठेवायचे ते सांगते : ०, १, २ आणि ४. दुसरी कमाल वेगाची आहे, आणि तिची किंमत तीन, म्हणजे ६ गिगाबिट, अशी होती. चिपसेटच्या स्रोत-संकेतात या किमतीचा अर्थ स्पष्ट लिहिलेला आहे : शून्य म्हणजे चिपचे मूळ वर्तन तसेच ठेवा, एक म्हणजे १.५, दोन म्हणजे ३ आणि तीन म्हणजे ६ गिगाबिट. सीबीमेम या साधनाने सुरू होतानाची नोंद काढली तर 'साटा : कंट्रोलर इन एएचसीआय मोड' ही ओळही जागेवर होती (एएचसीआय ही साटा कंट्रोलर चालवण्याची प्रमाण पद्धत). म्हणजे कोअरबूट आपले काम सांगितल्याप्रमाणेच करीत होते. त्याला या कप्प्याची अडचण कोणी सांगितलेली नव्हती.

म्हणून दुकानदार अर्धा बरोबर होता असे मला मोकळेपणाने लिहावे लागते. फर्मवेअर बदलल्यामुळे बिघाड दिसू लागला हे खरे. परंतु बिघाड फर्मवेअरमध्ये नव्हता, तो वाटेत होता, आणि जुने फर्मवेअर त्या वाटेवरून हळू चालत असल्यामुळे खड्डे जाणवत नव्हते.

वाटेची तपासणी

साटाच्या डेटा जोडणीत सात संपर्क असतात : पाठवण्याची एक तारजोडी, घेण्याची एक तारजोडी आणि तीन ग्राउंड. ६ गिगाबिटला एका बिटच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद येतात, ३ गिगाबिटला ३३३ आणि १.५ ला ६६७. वेग दुप्पट झाला की चुकीला उरलेली जागा निम्मी होते. जो जोड १.५ ला निर्दोष वाटतो, तो ६ ला निकामी ठरू शकतो.

कॅडी उघडून भिंगाखाली पाहिली. तिच्या एका टोकाला सीडी ड्राइव्हच्या पद्धतीचा स्लिमलाइन कनेक्टर, सात डेटाचे आणि सहा विजेचे संपर्क; दुसऱ्या टोकाला डिस्कचा नेहमीचा, सात अधिक पंधरा संपर्कांचा. या दोहोंना जोडणाऱ्या पट्टीवर डेटाच्या दोन रेषा जोडीने न जाता एका स्क्रूच्या छिद्राला दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होत्या, आणि डिस्कच्या बाजूच्या एका ग्राउंड संपर्कावर टाका अर्धवट चढलेला होता. तो टाका पुन्हा भरला. कोअरबूटखाली पुन्हा वाचन केले, तेव्हा चुका सदतीसवरून अकरावर आल्या. मग सरळ, आखूड पट्टीची दुसरी कॅडी आणली. तिच्यावर ६ गिगाबिटने आठ तास वाचन-लेखन केल्यावर तीन चुका आल्या. यंत्र सुरू होतानाचा कोरा पडदाही गेला.

तीन म्हणजे शून्य नव्हे. कॅडी दोषी होतीच, पण लॅपटॉपच्या आतील कप्प्यापर्यंतची वाटही काठावरची होती, आणि उत्पादकाची मर्यादा निष्कारण नव्हती. लिहिण्याच्या बाजूला चूक आली तरी सीआरसीमुळे ती पकडली जाते आणि आज्ञा पुन्हा पाठवली जाते, हे खरे आहे. तरीही ज्या संग्रहाची दुसरी प्रत मिळणे दुरापास्त, तो मी अशा वाटेवर ठेवणार नाही.

उपाय निवडताना

पहिला पर्याय फर्मवेअरमध्येच मर्यादा घालण्याचा होता. डिव्हाइसट्रीतली किंमत तीनवरून दोन केली, नवी प्रतिमा बांधली आणि लिहिली. कर्नलच्या एएचसीआय ओळीत ६ च्या जागी ३ गिगाबिट दिसू लागले आणि जुन्या, सदोष कॅडीवरसुद्धा आठ तासांत एकही चूक आली नाही. तपासाच्या दृष्टीने ही सर्वांत भक्कम साक्ष होती, कारण एकच आकडा बदलला आणि लक्षण संपूर्ण नाहीसे झाले. पण ही किंमत पोर्टनिहाय नाही, ती संपूर्ण कंट्रोलरला लागू होते. मुख्य कप्प्यातल्या निर्दोष एसएसडीचा वेगही त्यामुळे निम्मा झाला. एका पायाला दुखापत झाली म्हणून दोन्ही पायांना प्लास्टर घालण्यासारखे ते होते. याच कारणासाठी हा बदल मूळ प्रकल्पाकडे सुचवणेही मला योग्य वाटले नाही. या लॅपटॉपचे बहुतेक वापरणारे कॅडी लावत नाहीत, त्यांचा वेग का घटवावा?

स्रोत-संकेतात पोर्ट ० आणि पोर्ट १ यांच्या ६ गिगाबिट प्रेषकाच्या ताकदीच्या स्वतंत्र किमतीही देता येतात. त्या किमती बोर्डावरच्या रेषांची लांबी आणि गुणवत्ता मोजून ठरवावयाच्या असतात. मोजमापाचे साधन हाताशी नसताना अंदाजाने आकडे भरणे म्हणजे आजच्या तीन चुका लपवून उद्याच्या तीस पेरणे होय. तो मार्ग मी सोडून दिला.

तिसरा पर्याय कर्नलला केवळ दुसऱ्या जोडणीपुरती मर्यादा सांगण्याचा. तो तपासात यशस्वी ठरलेला होता आणि काही दिवस सरांनी यंत्र तसेच वापरले. त्याची उणीव अशी की ही ओळ बूट पर्यायात आहे हे लक्षात ठेवावे लागते. उद्या सरांनी नवी प्रणाली बसवली की ती ओळ जाईल आणि सकाळचा रुसवा परत येईल.

शेवटी जे केले ते चिपसेटच्या रचनेतूनच सुचले. क्यूएम७७ मध्ये ६ गिगाबिट केवळ पोर्ट ० आणि १ देतात. पोर्ट २ पासून पुढचे सगळे जन्मतःच ३ गिगाबिटचे. या लॅपटॉपमध्ये मोबाइल डेटा कार्डाची खाच एम-साटा डिस्कही स्वीकारते आणि ती पोर्ट २ वर आहे. सर सिमकार्ड वापरत नाहीत, खाच रिकामी होती. ५१२ जीबीची एम-साटा एसएसडी आणली, सुरुवातीला उतरवलेली प्रतिमा तिच्यावर लिहिली आणि प्रत्येक स्कॅन फाइलीचा चेकसम मूळ डिस्कशी जुळवून पाहिला. सगळे जुळले. डिव्हाइसट्रीतली किंमत पुन्हा तीन केली, 'लिबएटीए.फोर्स' ची ओळ काढून टाकली. या वेळी चिपेवर बाहेरून लिहिणारे उपकरण लावावे लागले नाही. कर्नलला फर्मवेअरच्या चिपेपर्यंत पोहोचू देणारा 'आयोमेम रिलॅक्स्ड' हा पर्याय देऊन चालू लिनक्समधूनच फ्लॅशरॉमने प्रतिमा लिहिली.

कप्प्यातून कॅडी निघाली आणि तिथे मूळ सीडी ड्राइव्ह परत गेला. याचा सरांना अधिक आनंद झाला, कारण अभिलेखागारातून पूर्वी मिळालेल्या कित्येक सीडी त्यांच्या कपाटात तशाच पडून होत्या. जुनी एसएसडी यूएसबी पेटीत घालून संग्रहाची दुसरी प्रत म्हणून त्यांच्याकडे दिली आहे.

पाच आठवड्यांनंतर सरांनी पाठवलेल्या नोंदवहीत तीन जोडण्या दिसतात : मुख्य एसएसडी १३३, सीडी ड्राइव्ह ११३, एम-साटा १२३. 'हार्ड रीसेटिंग लिंक' ही ओळ त्यात कोठेही नाही, आणि नव्या डिस्कची १९९ क्रमांकाची नोंद शून्य आहे.